तिवऱ्याची दोन शतके

कार्तिक सरत आला की रायपूरच्या भोवतालच्या धानाच्या बांध्यांत एक पेरणी चालते, जी पाहून देशावरचा शेतकरी बुचकळ्यात पडेल. धान अजून उभे असते, लोंब्या पिवळ्या पडत चाललेल्या असतात, आणि शेतकरी त्या उभ्या पिकातच, जमिनीची ओल उडून जाण्यापूर्वी, दुसरे बी फेकून मोकळा होतो. त्याला नांगर लागत नाही, खत लागत नाही, पाणीही द्यावे लागत नाही. धान कापून खळ्यावर गेले की धसकटांमधून हिरवी वेल डोके वर काढते आणि पौषात साऱ्या रानावर निळ्या फुलांची झाक पसरते. या रीतीला येथला शेतकरी ‘उतेरा’ म्हणतो, आणि त्या पिकाला ‘तिवरा’.

बदलीचा हुकूम हाती घेऊन या मुलखात आलेल्या मराठी माणसांचे या पिकापाशी दोन तट पडतात, असा आमचा अनुभव आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या बाजूचा असेल तर तो हसून म्हणतो, “अहो, ही तर आमची लाखोळी!” पुण्या-साताऱ्याकडचा असेल तर त्याने या डाळीचे नाव ऐकलेलेच नसते, किंवा ऐकले असेल तर ‘खेसरी’ या नावाने, आणि तेही भेसळीच्या नियमांत, निषिद्ध पदार्थ म्हणून. एकाला ती माहेरची भाजी, दुसऱ्याला ते फौजदारी कलम. एकाच दाण्याकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी कशा निर्माण झाल्या आणि त्यांपैकी कोणती खरी, याचा विचार करावा म्हणून हा लेख आम्ही हाती घेतला आहे. या कथेत वैद्य आहेत, रसायनशास्त्रज्ञ आहेत. परंतु तिचा आरंभ आणि तिचे बरेचसे मधले प्रसंग सरकारी अधिकाऱ्यांच्या लेखणीतून उतरलेले आहेत. म्हणून ती आपल्यासारख्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावी अशी आहे.

या डाळीविषयीचा संशय अर्थातच इंग्रजांनी आणलेला नाही. सुश्रुतसंहितेत ‘कलायखंज’ नावाचा एक वातविकार वर्णिला आहे : रोगी चालावयास निघताच थरथरतो आणि लंगडत पाऊल टाकतो. ‘कलाय’ हे एका कडधान्याचेच नाव होय. सोळाव्या शतकातील भावमिश्राने आपल्या भावप्रकाशात ‘त्रिपुट’ नामक तीनकोनी दाण्याचे कडधान्य माणसास पांगळे करते असे बजावले आहे. तिवऱ्याचा दाणा ज्याने तळहातावर घेऊन पाहिला असेल, त्यास त्रिपुट हे नाव का पडले हे सांगावयास नको. तो कुऱ्हाडीच्या पात्यासारखा, कोनदार असतो. युरोपातही हीच समजूत होती. जर्मनीतील व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने १६७१ मध्ये या दाण्याचे पीठ पावात मिसळू नये असे फर्मान काढले होते. बंदीचा उपाय किती जुना आहे आणि तो किती वेळा करून पाहण्यात आला, याची ही एक साक्ष.

आधुनिक काळातील पहिली तपशीलवार नोंद मात्र आपल्याच शेजारच्या मुलखातील आहे. ठगांच्या बंदोबस्तामुळे ज्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे ते विल्यम स्लीमन १८३५ च्या अखेरीस जबलपुराहून उत्तरेकडे प्रवासास निघाले आणि त्या प्रवासाचा वृत्तांत त्यांनी पुढे १८४४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. सागर प्रांतातील एका खेड्यात त्यांना धडधाकट वयाची माणसे कमरेखाली लुळी पडलेली दिसली. त्यांनी चौकशी केली. १८२९ मध्ये गव्हाचे पीक गारपिटीने गेले, १८३० मध्ये पावसाने दगा दिला, १८३१ मध्ये तांबेरा पडला. या तिन्ही वर्षांत जे एक पीक तगले आणि फोफावले ते तिवऱ्याचे. लोकांनी तेच कापले, तेच दळले, आणि तेवढ्यावरच दिवस काढले. १८३३ पासून तिशीच्या आतले तरुण एकाएकी अधू होऊ लागले; त्या आणि पुढील वर्षात गावातील निम्मी तरुण पिढी, पुरुष आणि स्त्रिया दोन्ही, या विकाराने पछाडली गेली.

स्लीमन हे वैद्य नव्हते. परंतु त्यांच्या टिपणाचे मोल एका गोष्टीत आहे. लोकांनी काय खाल्ले एवढेच लिहून ते थांबले नाहीत. त्यांच्यापाशी खाण्यास दुसरे काय उरले होते, हेही त्यांनी लिहिले. गहू तीन वर्षे नव्हता, हे त्या हकीकतीतील वाक्य तिवऱ्याच्या वाक्याइतकेच महत्त्वाचे आहे. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे अनेक विद्वान अहवालांत पहिले वाक्य राहिले आणि दुसरे गळून पडले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

हा रोग कसा येतो हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. महिनोन् महिने जवळजवळ केवळ याच डाळीवर राहिलेला माणूस एके सकाळी उठतो आणि त्याचे पाय जड झालेले असतात. पोटऱ्यांत वांब येतात, गुडघे ताठरतात, टाच टेकत नाही, आणि चालताना पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात. संवेदना शाबूत असते, बुद्धी शाबूत असते, हात बहुधा शाबूत असतात. जातात ते पाय. वैद्यांनी या रोग्यांच्या पायऱ्या ठरविल्या आहेत त्या अशा : काठीवाचून चालणारा, एका काठीचा, दोन काठ्यांचा, आणि अखेर हातांवर सरपटणारा. गेलेली शक्ती परत येत नाही. स्त्रियांपेक्षा तरुण पुरुषांत तो अधिक आढळतो, म्हणजे घरातील ज्याने नांगर धरावयाचा त्यालाच तो गाठतो.

नेपल्स येथील कान्तानी या वैद्याने १८७३ मध्ये या विकारास ‘लॅथिरिझम’ हे नाव दिले. तिवऱ्याचे वनस्पतिशास्त्रीय नाव लॅथिरस सॅटायव्हस. त्यावरून हे बेतलेले. हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अलाहाबादकडील सिव्हिल सर्जन आयर्व्हिंग यांनी त्या जिल्ह्यातील पांगळ्यांविषयी लिहिले. नंतर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ मध्यप्रांतावर कोसळले, आणि त्या काळातील या रोगाविषयीचा बुकॅनन यांचा अहवाल १९०४ मध्ये नागपुरास छापला गेला. रायपूर तेव्हा त्याच मध्यप्रांतात होते आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडचा कारभार नागपुराशी जोडलेला होता आणि मराठी कारकून, वकील, शिक्षक यांची घरे या गावात त्या काळापासूनची आहेत. तेव्हा हा अहवाल म्हणजे कोणा दूरदेशीचा कागद नव्हे. तो आपल्याच दप्तरातला आहे.

दुष्काळाशी असलेले या डाळीचे नाते जगभर एकच आहे. स्पेनचा थोर चित्रकार गोया याने १८११-१२ मधील माद्रिदच्या उपासमारीवर जी चित्रे कोरली, त्यांतील एका चित्राचे नावच या दाण्याचे आभार मानणारे आहे, आणि त्या चित्रात खाली एक स्त्री आडवी पडलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, रुमानियाच्या ताब्यातील व्हाप्न्यार्का येथील छावणीत कोंडलेल्या यहुदी बंदिवानांना रोज ४०० ग्रॅम हीच डाळ शिजवून देण्यात येत असे. काही आठवड्यांतच त्यांचे पाय जाऊ लागले. त्या बंदिवानांपैकीच एक, डॉक्टर आर्थर केसलर, यांनी कारण ओळखले. येथे दुष्काळ पडला नव्हता. माणसांनी माणसांसाठी तो निर्माण केला होता. दाणा मात्र तोच.

आता दाण्याच्या आत शिरू. येथून पुढची हकीकत प्रयोगशाळेतली आहे, परंतु वाचकांनी बिचकू नये. कचेरीत दिवस घालविलेल्या माणसास ती इतरांपेक्षा लवकर समजेल.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशी ही एक मोठी कचेरी आहे असे समजा. तेथे हजारो कारकून बसलेले असतात आणि प्रत्येकाकडे एकच काम असते : ठराविक नमुन्याचा कागद घ्यावयाचा, त्यावर ठराविक संस्कार करावयाचा आणि तो पुढच्या मेजावर सरकवावयाचा. या कारकुनांना शास्त्रज्ञ एन्झाइम म्हणतात. मराठी परिभाषेत ‘विकर’ असा शब्द योजिला आहे. खाल्लेल्या अन्नाचे बळात रूपांतर होते ते असे मेजामागून मेज कागद सरकत गेल्यामुळे, आणि या साऱ्या व्यवहारास चयापचय म्हणतात. आता एखाद्या मेजावर असा कागद आला, की जो दिसावयास अगदी खऱ्या अर्जासारखा, परंतु ज्यावर काहीच कारवाई होऊ शकत नाही, तर काय होईल? कारकून त्यातच गुंतून पडेल आणि खरे अर्ज बाहेर तुंबतील. १९२८ च्या सुमारास क्वास्टेल या इंग्रज शास्त्रज्ञाने मॅलोनेट नामक पदार्थ पेशीतील एका विकरास असाच फसवितो हे दाखवून दिले. अशा पदार्थास ‘निरोधक’ म्हणतात. काही निरोधक याहून दुष्ट असतात. ते कारकुनाचा हातच कायमचा मेजाला चिकटवून टाकतात. निरोधक म्हणजे नेहमीच विष असेही नाही. रक्तातील मेद उतरविणारी स्टॅटिन वर्गाची औषधे, ज्यांचा शोध जपानच्या एंडो यांनी १९७० नंतरच्या दशकात लावला, ती यकृताच्या पेशीतील एका विकरास अडवूनच गुण देतात. एकाच युक्तीने रोग होतो आणि रोग बराही होतो. फरक कोणत्या मेजावर, किती, आणि किती काळ, यात आहे.

तिवऱ्यातील निरोधक कोणता, हे शोधताना शास्त्र प्रथम चुकीच्या गल्लीत शिरले, आणि ती चूक मोठी बोधप्रद आहे. माणसाला होणारा रोग उंदरांत घडवून आणावा म्हणून १९३३ मध्ये अमेरिकेत उंदरांना बागेतल्या सुवासिक वाटाण्याचे, म्हणजे लॅथिरस कुळातीलच दुसऱ्या एका वेलीचे, बी खाऊ घालण्यात आले. उंदीर वाकडे झाले. त्यांचा कणा वळला, हाडे बिघडली. लॅथिरस खाल्ले, पांगळेपण आले, तेव्हा रोग तोच असे सर्वांनी मानले. १९५४ मध्ये त्या बियांतील विषारी अंशही सापडला; त्याचे नाव बीटा-अमिनोप्रोपिओनायट्राइल. कोलॅजेन नावाच्या तंतूंना एकमेकांशी विणणारे लायसिल ऑक्सिडेज हे जे विकर आहे, त्याला हा पदार्थ कायमचा निकामी करतो, हे पुढे उलगडले. विणकरच बसला म्हणजे हाडे आणि रक्तवाहिन्या उसवणारच. विकर आणि निरोधक यांचे इतके स्वच्छ उदाहरण वैद्यकात थोडेच मिळेल, आणि त्यापासून शरीराच्या बांधणीविषयी पुष्कळ ज्ञान झाले. परंतु रीवा-सागरच्या शेतमजुराची हाडे मुळी बिघडलेली नव्हतीच! त्याच्या मेंदूपासून पायांकडे हुकूम नेणाऱ्या मज्जातंतूंत बिघाड होता. एका नावाखाली दोन रोग नांदत होते आणि ज्याची चौकशी वीस वर्षे चालली, तो आपला नव्हता.

आपल्या रोगाचे विष शोधले ते आपल्याच देशात. १९६४ मध्ये बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील राव, अडिगा आणि सर्मा यांनी तिवऱ्याच्या दाण्यातून एक नवे अमिनो आम्ल वेगळे केले. त्याच वर्षी दिल्लीच्या मूर्ती, शेषाद्री आणि वेंकिटसुब्रमण्यन यांनीही त्याचाच शोध प्रसिद्ध केला. त्याचे पूर्ण नाव एका दमात उच्चारता येण्याजोगे नाही. संक्षेपाने त्यास ‘ओडॅप’ म्हणतात. हे आम्ल ग्लुटामेट नावाच्या पदार्थाचा बहुरूपी आहे. ग्लुटामेट हा मज्जापेशींना ‘उठा, कामाला लागा’ असा निरोप देणारा जासूद होय. खरा जासूद निरोप देऊन दूर होतो. हा तोतया दारातच उभा राहून हाका मारीत बसतो आणि पेशी काम करून करून थकते.

परंतु थकलेली पेशी मरते का? प्रत्येक पेशीत कलकणू नावाच्या भट्ट्या असतात आणि त्यांत अन्नापासून बळ निर्माण करणारी विकरांची एक साखळी असते. बंगलोरच्याच निमहान्स या संस्थेत विजयालक्ष्मी रवींद्रनाथ आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले, की ओडॅप दिलेल्या उंदरांच्या मेंदूतील हालचालीच्या केंद्रात आणि पाठीच्या कण्यातील कमरेकडच्या भागात या साखळीचे पहिलेच संकुल मंदावते. त्या संकुलात गंधकाचे काही गट असतात. ते ‘गंजले’ की ते बंद पडते. म्हणजे बाहेर तोतया जासूद सारखा काम वाढवीत आहे आणि आत भट्टीच विझत चालली आहे. लांबवर, थेट कमरेपर्यंत पोचणारे तंतू ज्या पेशींना पोसावयाचे, त्यांची कोंडी सर्वांत मोठी. पाय का जातात याचे उत्तर या बाजूस आहे असे दिसते.

आणि येथेच स्लीमनच्या टिपणातील ते गळून पडलेले वाक्य परत येते. संकुलातील गंधकाचे गट गंजू नयेत म्हणून पेशीपाशी ग्लुटाथायोन नावाचा एक रक्षक असतो, आणि तो घडविण्यास गंधकयुक्त अमिनो आम्ले लागतात. कडधान्यांत ती थोडी. तांदूळ, गहू, ज्वारी यांत त्या मानाने अधिक. म्हणजे तिवरा भाताबरोबर किंवा भाकरीबरोबर, डाळीच्या मापाने खाल्ला तर त्या ताटातच विषाचा उतारा वाढलेला असतो. एकूण आहारात तिवऱ्याचे प्रमाण तिसऱ्या हिश्शाच्या वर गेले आणि तसे दोन-चार महिने चालले, म्हणजेच धोक्याची वेळ येते असे पाहण्यात आले आहे. इथिओपियात १९९५ ते १९९७ या काळात या रोगाची साथ आली, तेव्हाच्या अभ्यासातही ज्यांच्या घरी तिवऱ्यात धान्य मिसळण्याची ऐपत होती ते बरेचसे वाचले असे आढळले. निसर्गाची एक क्रूर तऱ्हाही येथे सांगितली पाहिजे : अवर्षणात, ओल तुटलेल्या जमिनीत, दाण्यातील ओडॅप वाढतो. ज्या वर्षी गरिबाला दुसरे काही मिळत नाही, नेमक्या त्याच वर्षी त्याचा घास अधिक विषारी होतो.

हे सारे आम्हांस पुस्तकांतून कळण्यापूर्वी एका वृद्ध शेतकऱ्याने सांगितले होते. रायपुरास आल्याच्या पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या खेड्यातील त्याने आमच्या घरी तिवऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी आणून दिली. आम्ही नियम वाचलेले होते. भाजी घेतली खरी, परंतु ती चुलीपर्यंत गेली नाही. त्यास हे कळले असावे. पुढच्या खेपेस आम्ही त्यास विचारलेच, की ही डाळ खाऊन पाय जातात असे म्हणतात ते खरे काय? तो म्हणाला, “भातासंगे खातो, साहेब. नुसता कोण खाईल? नुसता खावा लागेल असा दिवस देवाने दाखवू नये.” त्या उत्तरात प्रमाणही होते आणि परिस्थितीही होती. रीवा आणि सागर ही नावे या रोगाच्या इतिहासात जशी पुन्हा पुन्हा येतात तसे रायपूरचे येत नाही, याचे कारण त्या भातात शोधावे लागेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रायपूर, दुर्ग आणि बिलासपूर या तीन जिल्ह्यांत केलेली पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनाही तिवरा खाणारी घरे आढळली, परंतु रोगी फारच थोडे.

आता सरकारी कागदाकडे वळू. १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत खेसरीच्या विक्रीवर बंदी घालणारा नियम आला. त्यामागील हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. ही डाळ तुरीच्या आणि हरभऱ्याच्या डाळीत, विशेषतः बेसनात, खपविली जात असे, आणि गिऱ्हाइकाची फसवणूक थांबविणे हे सरकारचे कर्तव्यच होय. तथापि मध्यप्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगाल, म्हणजे जेथे ती सर्वांत अधिक पिकत आणि खाल्ली जात असे तेथेच, ही बंदी अमलात आली नाही. रायपूर आणि रीवा तेव्हा एकाच मध्यप्रदेशात होते. रीवा जिल्ह्यातील रोग्यांची पाहणी द्विवेदी आणि प्रसाद यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केली. त्या भागात वेठबिगार शेतमजुरास मालकाकडून मजुरी म्हणून पैसे नव्हे तर धान्य मिळे, आणि ते धान्य बहुधा खेसरी असे. मालकाच्या घरी गहू शिजे; मजुराच्या घरी, त्याच शेतातली, खेसरी. ज्या मजुराला काय खावे हे निवडावयाचाच अधिकार नाही, त्याला विक्रीबंदीच्या नियमाने काय मिळणार? त्याला ही डाळ कोणी विकीत नव्हतेच. त्याच्या रोगावरचा नियम खरे पाहता अन्नाच्या खात्यात नव्हताच. तो १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात होता.

शास्त्रज्ञांनी दुसऱ्याही वाटा दाखविल्या. डाळ भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिले तर ओडॅपचा मोठा अंश निघून जातो, हे हैदराबादच्या संस्थेने १९६५ च्या सुमारासच दाखविले होते. उपाय सोपा आणि बिनखर्चाचा. परंतु ज्या वर्षी विहिरी आटतात आणि सरपण मिळत नाही त्या वर्षी डाळ दोनदा उकळावी कशी, हा प्रश्न राहतोच. म्हणून विषच कमी असलेले बी तयार करण्याकडे लक्ष गेले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘रतन’ हे वाण दिले. आणि रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने, जे १९८७ मध्ये स्थापन झाले, ‘प्रतीक’ आणि ‘महातिवरा’ ही वाणे दिली. त्यांत ओडॅपचे प्रमाण शेकडा ०.१ च्या आत आहे. ज्या मातीत उतेऱ्याची रीत वाढली, त्याच मातीत तिच्या दोषाचे निवारण शोधले गेले, ही गोष्ट या शहरास भूषणावह आहे. मधमाश्यांमुळे वाणांचा संकर होऊन विष पुन्हा वाढू शकते, तेव्हा शुद्ध बी वेळोवेळी शेतकऱ्यापर्यंत पोचविण्याचे काम मात्र कधीच संपणारे नाही.

बंदी उठवावी की ठेवावी हा वाद मध्यंतरी चांगलाच रंगला. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी लाखोळीवरील बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे झुंज दिली, उपोषणे केली; पूर्व विदर्भातील लहान शेतकऱ्याचे बिनपाण्याचे, बिनखर्चाचे पीक केवळ दुष्काळी आठवणीवरून बदनाम झाले, असे त्यांचे म्हणणे. उलट पक्षी, दुष्काळ हा संपलेला नाही आणि गरिबाला पुन्हा एकाच दाण्यावर यावे लागणार नाही याची हमी कोण देतो, असा सवाल पोषणशास्त्रज्ञांतील काहींनी केला. २०१६ च्या सुमारास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने कमी ओडॅपच्या वाणांच्या बाजूने अभिप्राय दिला. आमच्या मते दोन्ही पक्षांचे म्हणणे एकाच वेळी खरे आहे. डाळ भाताशेजारी निरुपद्रवी आहे. भात नसेल तर नाही. म्हणून वाद डाळीचा नसून भाताचा आहे. छत्तीसगडने २०१२ मध्ये अन्नसुरक्षेचा स्वतःचा कायदा केला आणि रास्त दुकानातला तांदूळ खेड्यापाड्यांत पोचविला. तिवऱ्याच्या विषावर त्या तांदळाने जे काम केले असेल ते बंदीच्या कोणत्याही अधिसूचनेने केले नसावे.

आपण परमुलखात नोकरी करणारी माणसे. तीन-चार वर्षे एका जिल्ह्यात, मग दुसऱ्या. तेथली माणसे काय पिकवितात, काय खातात, हे आपणांस बहुधा तक्त्यांतून कळते. आणि तक्त्यात ‘काय खाल्ले’ असा रकाना असतो, ‘त्याबरोबर आणखी काय होते’ असा रकाना सहसा नसतो. स्लीमन यांनी तो रकाना आपण होऊन भरला होता. पुढे उंदरांच्या हाडांत गुंतलेल्या विद्वानांनी आणि नियम घडविणाऱ्या खात्यांनी तो भरला नाही, आणि त्याची किंमत रीव्याच्या मजुराने दोन काठ्यांवर चालून मोजली. पेशीच्या आत एक विकर कसे अडते हे शोधावयास बंगलोरची प्रयोगशाळा लागली हे खरे; परंतु त्या पेशीपर्यंत दुसरा घास का पोचला नाही हे शोधावयास तलाठ्याच्या दप्तरापलीकडे काही लागत नव्हते.

तो वृद्ध शेतकरी आता हयात नाही. त्याचा मुलगा अजून उतेरा पेरतो. बी विद्यापीठाचे असते. पौषात तो पहिल्या खुडीची भाजी आमच्याकडे पाठवितो, आणि ती आता चुलीपर्यंत जाते. घरी त्या दिवशी भात थोडा अधिक टाकतात.